फुटांचे इंच झाले तेव्हा

विदर्भाला समुद्र नाही, पण इथला सिनेमा आला तो समुद्राच्या बाजूनेच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने हलती चित्रं दाखवली. त्याच्या २९ वर्षं आधी, १८६७ मध्ये, मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचलेली होती, आणि वऱ्हाडचा कापूस त्याच रुळांवरून बंदराकडे जात होता. पुढे फिल्मच्या पेट्या त्याच रुळांवरून उलट्या दिशेने आल्या. स्टेशनावर उतरल्या, बंडीवर चढल्या, नंतरच्या काळात एसटीच्या टपावर चढल्या आणि यात्रेतल्या तंबूत पोचल्या.

या तंबू टॉकीजबद्दल बहुतेक लिखाण आठवणींचं असतं: तिकीट किती होतं, कोणता नट लोकांना आवडायचा, पडद्यावर पैसे कसे उधळले जायचे. मला वाटतं, त्यात मूळ गोष्ट राहून जाते. गावात काय दाखवता येईल हे कथेवर कमी आणि उजेडावर जास्त अवलंबून होतं. रात्रीच्या अंधारात, वीज नसलेल्या जागी, हजार माणसांना एकच चित्र दिसेल एवढा उजेड कुठून आणायचा, हा प्रश्न ज्याने सोडवला त्याचा खेळ चालला.

सिनेमाआधीही तेच होतं. झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, दंडार हे लोकनाट्य टेंभ्यांच्या उजेडात व्हायचं. टेंभ्याचा उजेड हलतो आणि धूर करतो, पाच-सात हातांपलीकडे चेहरा ओळखू येत नाही. सोंगांचे रंग भडक, मुखवटे मोठे आणि हातवारे लांबरुंद असण्याचं हे एक साधं कारण. मग गॅसबत्ती आली. पेट्रोमॅक्ससारखी बत्ती लिटरभर रॉकेलवर साधारण आठ तास जळते, म्हणजे एका भरण्यात रात्र निघते. मात्र दाब उतरला की उजेड पिवळा पडतो, पंप मारावा लागतो, आणि एखादा मोठा किडा मँटलवर, म्हणजे बत्तीतल्या उजळत्या जाळीवर, आदळला की मँटलची राख होते. म्हणून जाणता बत्तीवाला दोन-चार मँटल खिशात ठेवूनच फिरायचा.

चित्र मोठं करून दाखवण्याची युक्तीही सिनेमाच्या आधीची. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ केले. दिवा, भिंग आणि हाताने सरकवायच्या काचा एवढाच त्याचा संसार. मर्यादा पुन्हा दिव्याचीच. चित्र दुप्पट रुंद केलं की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो आणि पडदा चौपट अंधारा होतो. हे गणित पुढे कोणत्याही यंत्राला चुकलेलं नाही.

आता तंबू.

इकडे यात्रांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. धान निघालेलं असतं, कापसाचा पहिला पैसा हातात असतो, पाऊस नसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा २० डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन महिनाभराच्या वर चालते. चिमूरची घोडायात्रा वसंत पंचमीपासून महाशिवरात्रीपर्यंत, मार्कंड्याची वैनगंगेच्या काठावर महाशिवरात्रीला, चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रात. तंबूवाल्याचं वर्ष या तारखांवर बेतलेलं. लांब चालणारी यात्रा त्याला परवडते, कारण उभारणी आणि मोडणीचा खर्च एकदाच पडतो. दोन दिवसांच्या यात्रेत मजुरीच अंगावर येते.

जागा निवडताना पहिला विचार वाऱ्याचा. पडदा हे शेवटी शीडच असतं. सोळा फुटी कापडाला वारा लागला की ते फुगतं, मधला भाग पुढे येतो आणि चित्र फक्त कडांना स्पष्ट राहतं. म्हणून पडद्याची पाठ वाऱ्याकडे ठेवत नाहीत. चारही बाजूंना दर फुटावर दोरी बांधून तो चौकटीवर ताणतात, खालची बाजू सर्वांत शेवटी. पडद्याचे पट्टे शिवताना शिवण आडवी ठेवावी, कारण उभी शिवण नेमकी माणसांच्या चेहऱ्यांतून जाते. कापड पातळ असेल तर चित्र मागूनही दिसतं, अक्षरं तेवढी उलटी. तिकिटाला पैसे नसलेली लेकरं पडद्यामागच्या वावरात बसून अख्खा सिनेमा उलटा पाहायची, आणि तंबूवाले कनात मागच्या बाजूला जास्त लांब का नेत असत याचा उलगडा इथे होतो.

मशीन, म्हणजे प्रोजेक्टर, बहुधा ट्रकमध्येच कायम बसवलेलं असायचं. रोज उतरवायची आणि सरळ रेषेत आणायची कटकट वाचते. पण ट्रक स्प्रिंगवर उभा असतो. ऑपरेटरने एक पाऊल टाकलं की पडद्यावर अख्खा वाडा हलतो. उपाय साधा: ॲक्सलखाली लाकडी ओंडके किंवा जॅक लावून वजन स्प्रिंगवरून काढून घ्यायचं. हे न करता खेळ सुरू करणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा फार उशिरा पोचलेला.

पडदा केवढा आणि मशीनपासून किती लांब, हे अंदाजावर सोडत नाहीत. ३५ मिलिमीटरच्या मशीनमध्ये ज्या खिडकीतून फिल्मवर उजेड पडतो तिची रुंदी ०.८२५ इंच आणि उंची ०.६०० इंच. अंतराला या रुंदीने गुणायचं आणि भिंगाच्या फोकल लेंग्थने भागायचं. अंतर ६० फूट आणि भिंग ३ इंचांचं असेल तर चित्र साडेसोळा फूट रुंद आणि १२ फूट उंच येतं. तेच भिंग ८० फुटांवर नेलं तर चित्र २२ फुटांचं होतं, आणि उजेड जवळपास निम्मा. मोठ्या पडद्याचा मोह इथेच फसवतो. छोटा पण लख्ख पडदा लोक तीन तास बघतात. मोठ्या आणि मळकट पडद्यासमोर मागच्या रांगा तासाभरात उठून भेळीच्या दुकानाकडे जातात. सिनेमास्कोपचा, म्हणजे रुंद पडद्याचा, सिनेमा असेल तर पुढे आणखी एक भिंग चढतं, ते चित्र आडवं दुप्पट ताणतं. ते काचेच्या बांगडीसारखं जपायचं, आणि खूण करून बरोबर आडव्यात बसवायचं. तिरपं बसलं की सगळी माणसं एका बाजूला कललेली दिसतात.

उजेड कार्बनचा. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर आणायच्या, टेकवायच्या आणि किंचित दूर करायच्या. मधल्या फटीत वीज उडी मारते, हाच आर्क, आणि पॉझिटिव्ह कांडीच्या टोकाला पेटलेला खड्डा पडतो. खरा उजेड त्या खड्ड्याचा असतो. मागे आरसा असतो, तो उजेड गोळा करून फिल्मवर टाकतो. तांब्याचा मुलामा असलेल्या ७ मिलिमीटरच्या पॉझिटिव्ह आणि ६ मिलिमीटरच्या निगेटिव्ह कांडीची जोडी ५० अँपिअर, ३७ व्होल्टच्या आसपास चालते. गुणाकार करा: १८५० वॉट. पण मशीनला एवढंच पुरत नाही. आर्कचा स्वभाव असा की एकदा पेटला की तो वीज ओढतच जातो, त्याला आवरायला मध्ये रेझिस्टन्स घालावा लागतो आणि तिथे जवळपास तेवढीच वीज नुसती उष्णता होऊन जाते. त्यात मोटर, ॲम्प्लिफायर, तंबूतले दिवे धरले की पाच किलोवॉटपेक्षा लहान जनरेटर घेणं म्हणजे शो मध्येच बंद पाडण्याची तयारी.

आर्कला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज लागते. डायनॅमो असेल तर थेट, नाहीतर एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून. पॉझिटिव्ह कांडी तासाला दहा-बारा इंच जळते, निगेटिव्ह त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून ऑपरेटरचा एक हात सतत कांडी पुढे सरकवण्याच्या मुठीवर. फट पाव इंचाच्या आसपास राहिली तर उजेड शांत असतो. वाढली तर ज्योत भटकते, पडदा लुकलुकतो आणि शेवटी आर्क तुटतो. कमी झाली तर फुसफुस आवाज येतो. खड्डा आरशाच्या नेमक्या टप्प्यातून सरकला की पडद्यावर आधी रंग बदलतो, कडेला निळसर किंवा पिवळट-तांबूस छटा येते. चांगला ऑपरेटर कांडीकडे क्वचितच पाहतो, तो पडद्याच्या कोपऱ्यांकडे पाहतो.

अँपिअर आणि कांडीची जाडी जुळली पाहिजे. बारीक कांडीवर जास्त करंट चढवला तर तांबं वितळून मागे सरकतं आणि कांडी टोक काढलेल्या पेन्सिलसारखी निमुळती जळते. जाड कांडीवर कमी दिला तर खड्डाच धरत नाही. पेटवताना आरशापुढे झाकण ओढायचं, कारण पहिल्या ठिणग्यांतले तांब्याचे थेंब आरशाला फोड आणतात आणि असा आरसा पुन्हा कधी पूर्ण उजेड देत नाही. उरलेले तुकडे फेकायचे नसतात. नव्या कांडीला जोडून तेही जाळता येतात, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब मांडला की या तुकड्यांचे पैसे दिसतात.

जनरेटर तंबूपासून शंभर फूट तरी लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवा, म्हणजे आवाज आणि धूर आत येत नाही. पण वायर बारीक वापरली तर जाताना आणि येताना मिळून दोनशे फुटांत व्होल्टेज पडतं. दुसरा घोटाळा वेगाचा. मशीनची मोटर ५० सायकलवर, म्हणजे विजेच्या सेकंदाला ५० आवर्तनांवर, मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४, आणि फिल्मच्या फ्रेमही सेकंदाला २४ च. डिझेल इंजिन दमलं, सायकल उतरली की सिनेमा हळू होतो आणि गाणारी बाई पुरुषी आवाजात गाऊ लागते. लोक ‘आवाज खराब’ म्हणून ओरडतात. ॲम्प्लिफायरला हात लावू नये, आधी इंजिनाचा फिल्टर आणि डिझेल पाहावं.

फिल्मच्या फुटात १६ फ्रेम. मिनिटाला ९० फूट. तीन तासांच्या सिनेमाला १६,२०० फूट लागतात. दोन मशीनं असतील तर एक रीळ संपता संपता दुसरं सुरू करता येतं. त्यासाठी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात दोन ठिपके येतात: पहिल्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की उजेड बदलायचा. तंबूत बहुधा एकच मशीन. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटं चालतं, म्हणजे एका सिनेमात आठ वेळा अंधार. या आठ अंधारांवर चहा, फुटाणे आणि बिड्यांचा धंदा चालायचा. ऑपरेटर मात्र त्या दोन-तीन मिनिटांत गेट, म्हणजे फिल्म उजेडापुढे धरणारी चौकट, पुसतो, कांडी बदलतो, नवं रीळ ओवतो.

ओवताना गेटच्या वर आणि खाली फिल्मची सैल वेटोळी ठेवावी लागते. वर-खाली फिल्म सलग चालते, गेटमध्ये मात्र एकेक फ्रेम थबकत, धक्क्याने. हा धक्का चार खाचांचं माल्टीज क्रॉस देतं. वेटोळं कमी पडलं की फिल्मची भोकं फाटतात. वेटोळं चुकीचं असेल तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत, कारण आवाजाची पट्टी तिच्या चित्राच्या सुमारे २० फ्रेम, म्हणजे सव्वा फूट, पुढे छापलेली असते. आणखी एक बारकावा. आवाजाला एका फ्रेमच्या वेळात ४६ फूटच जाता येतं. नव्वद फुटांवर बसलेल्या माणसाला सगळं दोन फ्रेम उशिराच ऐकू येतं. म्हणून जाणकार माणूस जुळणी तंबूच्या मध्यावर उभं राहून तपासतो, मशीनपाशी उभं राहून नाही.

पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली शेपट्या दिसल्या तर शटर, म्हणजे फ्रेम बदलताना उजेड अडवणारं पातं, सरकलंय. उजेड बंद होण्याआधीच फिल्म हलतेय, एवढंच त्याचं कारण.

तंबूला मिळणारी प्रिंट मात्र नवी क्वचितच असायची. अमरावती ही सिनेवितरणाची मोठी पेठ, सी.पी.-बेरार, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड, हा वितरकांचा वेगळा प्रांत. प्रिंट आधी शहरात, मग तालुक्यात, आणि सर्वांत शेवटी यात्रेत. तोवर तिच्यावर उभ्या रेघांचा ‘पाऊस’ पडू लागलेला असायचा. हा पाऊस धुळीचा असतो. यात्रेची धूळ गेटमध्ये बसते, फिल्मचा मसाला तिच्यावर साचून दगडासारखा घट्ट होतो आणि पुढचं प्रत्येक रीळ ओरखडत जातं. हा थर लाकडी किंवा हाडाच्या पट्टीने खरवडायचा. चाकू लावला की गेटलाच चरा पडतो आणि मग तो चरा कायमचा पाऊस पाडतो. फिल्म तुटली की जोडताना दोन-चार फ्रेम कमी होतात. दहा यात्रा फिरलेल्या प्रिंटमध्ये गाण्याची एखादी अर्धी ओळच नाहीशी झालेली असते, आणि लोकांना गाणं तसंच पाठ होतं.

आग हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. १९५० च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की पाण्याने, वाळूने विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. १९१८ चा सिनेमाचा कायदा झाला त्यामागे सुरक्षिततेची ही काळजी होती. मशीनची खोली पत्र्याची, फिल्मचे डबे बंद, खिडकीवर आपोआप पडणारं झाकण, या अटी कागदी नव्हत्या. नंतरची सेफ्टी फिल्म सहजी पेट घेत नाही, वितळते. फिल्म गेटमध्ये अडकली आणि झाकण पडलं नाही तर पडद्यावर मधोमध तपकिरी डाग उठतो, फुगतो आणि भोक होऊन पसरतो. प्रेक्षक शिट्या वाजवतात. त्या क्षणी आधी उजेड बंद करायचा, मग मोटर. उलट क्रम केला की आणखी चार फ्रेम जातात.

१९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि सरकारी प्रचाराच्या गाड्या १६ मिलिमीटरचं मशीन घेऊन गावोगाव येऊ लागल्या. ते मशीन साध्या बल्बवर चालायचं, म्हणून पडदा सात-आठ फुटांचाच. कांड्या नाहीत, धूर नाही, शाळेच्या भिंतीला चादर लावली की झालं. त्याची एकच अट: खेळ संपल्यावर पंखा चालू ठेवून बल्ब थंड होऊ द्यायचा. गरम असताना मशीन उचललं की आतली तार तुटलीच.

तंबू मोडला तो व्हिडिओने. १९८२ नंतर रंगीत टीव्ही पसरला आणि वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणणं सुरू झालं. वीस इंची टीव्हीचा पडदा १६ इंच बाय १२ इंच. तंबूचा पडदा १६ फूट बाय १२ फूट. फुटांचे इंच झाले, क्षेत्रफळ १४४ पटीने कमी झालं, आणि उजेडाची गरजही तेवढीच घटली. पाच किलोवॉटच्या जनरेटरचं काम दोन-तीनशे वॉटवर भागलं. कार्बन नको, ऑपरेटर नको, परवान्याची धावपळ नको. एका कॅसेटमध्ये तीन तास, एका रात्रीत तीन सिनेमे. दव पडलं की व्हीसीआरच्या हेडवर ओल धरून चित्राचा बर्फ होतो, धूळ बसली तरी तेच, आणि गावातलं व्होल्टेज उतरलं की चित्र आत ओढलं जातं, यापलीकडे तक्रार नव्हती. चित्राची गुणवत्ता तंबूपेक्षा कितीतरी वाईट होती, हे मी ठामपणे म्हणेन. लोकांनी ती स्वीकारली कारण ती त्यांच्या अंगणात आली.

झाडीपट्टीतलं नाटक या सगळ्यांतून टिकलं. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचं माहेर. मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. उजेडाच्या दृष्टीने पाहिलं तर नाटकाचं गणित सोपं: उजेड थेट नटाच्या अंगावर पडतो, मध्ये फिल्म नाही आणि शटर नाही. तीन-चार चांगले दिवे असले तरी मागच्या रांगेला डोळे दिसतात.

आज गणपतीत किंवा यात्रेत पडदा लावणाऱ्यांसाठी जुनं गणित अजून तसंच लागू आहे. साडेसोळा बाय बारा फुटांचा पडदा म्हणजे १९८ चौरस फूट. ल्युमेन हे उजेडाचं माप; थिएटरसारखा उजेड हवा तर दर चौरस फुटाला १६ ल्युमेन, म्हणजे सुमारे ३२०० ल्युमेन पडद्यावर प्रत्यक्ष पोचायला हवेत. प्रोजेक्टरच्या खोक्यावर लिहिलेला आकडा जुन्या मशीनला लागू होत नाही, दिवा वापरून उतरतो, म्हणून भाड्याने घेताना पाच हजार ल्युमेनचं मागावं किंवा पडद्याची रुंदी बारा फुटांवर आणावी. चांदण्याची काळजी करू नये. पौर्णिमेचा उजेडही पडद्यावरच्या उजेडापुढे नगण्य आहे. घात करतात ते समोरच्या दुकानांचे एलईडी दिवे. पडदा दुकानांकडे पाठ करून लावावा आणि पाठीला काळं कापड बांधावं.

पौष-माघात रात्री दहानंतर दव पडतं. उबदार खोलीतून, गाडीतून काढलेलं मशीन त्यातल्या त्यात बरं. थंडीत उघडं पडून असलेल्या मशीनच्या भिंगावर ओल धरते आणि चित्र धुक्यात जातं. ते कापडाने पुसू नये. पुसलं की धूळ घासली जाते आणि पाच मिनिटांत ओल परत धरते. अंधार पडताच मशीन सुरू करून ठेवावं, वर एक साधं छप्पर घालावं, आणि पहिलं चित्र अर्ध्या तासाने लावावं.